मीराबेनची कुटी

फायनल इयरला आमच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतला होता. आरसीसी बीमला खालून ग्लास फायबरचं कापड इपॉक्सीने चिकटवायचं आणि ताकद किती वाढते ते बघायचं. पहिला बीम घाईत केला, पृष्ठभाग नीट घासलाच नाही. लोड वाढला तसं कापड न फाटता अख्खं सुटून आलं. होस्टेलवर आमचं नाव पडलं ‘सेलोटेप ग्रुप’. वैतागून मी सायकल काढली आणि बापू कुटीत जाऊन बसलो.

शाळेच्या सहलीत ती सगळ्यांनीच पाहिलेली असते. पण बांधली कुणी? मॅडेलिन स्लेड, म्हणजेच मीराबेन यांनी. जन्म १८९२ चा, इंग्लंडमधला. वडील ब्रिटिश आरमारात अ‍ॅडमिरल. बीथोव्हेनच्या वेडापायी त्या रोमाँ रोलाँकडे गेल्या आणि तिथे त्यांना गांधीजींबद्दल कळलं. मग सूत कातणं, जमिनीवर बसणं, शाकाहार, अशी वर्षभर तयारी करून नोव्हेंबर १९२५ मध्ये साबरमतीला आल्या. एवढी तयारी आपण गेटचीही करत नाही!

१९३६ मध्ये त्या आपल्या शेगावात होत्या. (टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये नाव सेवाग्राम झालं.) जवळपास मिळणारी माती, बांबू, लाकूड, कवेलू वापरून त्यांनी ही कुटी उभी केली, भिंतीवर मातीचीच ताडाची झाडं उठवली. कुटी खरं तर त्यांची स्वतःची. पुढे बापू तिथे राहायला आले, तेव्हा त्यांनी ती सोडली.

माती दाब सोसते, ताण सोसत नाही, अगदी काँक्रीटसारखीच. खेड्यातल्या कुडाच्या भिंतीत ताण बांबू घेतो. माती दोन्ही बाजूंनी हाताने दाबून बसवतात, म्हणून ती बांबूला धरून राहते. आमचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं. फायबर दणकट होतं, पण पकडच नव्हती.

१९४२ ते ४४ मीराबेन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बापूंबरोबर कैदेत होत्या. नंतर ऋषिकेशजवळ पशुलोक काढलं. हिमालयात ओकची जंगलं जाऊन चीड पसरतोय, म्हणून पाणी आटतंय, हे त्यांनी चिपको आंदोलनाच्या कितीतरी आधी सरकारला लिहून कळवलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९५९ मध्ये त्या भारत सोडून गेल्या आणि पुढे व्हिएन्नाजवळ, बीथोव्हेनच्या मुलखात राहिल्या. १९८१ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९८२ मध्ये त्या गेल्या.

दुसऱ्या बीमला आम्ही दोन दिवस नुसता पृष्ठभाग घासला, धूळ झाडली, टोकांना यू-रॅप दिले. या वेळी कापड सुटलं नाही, फाटलं.