शारजाचे शेख सुलतान बिन सक्र

आपल्या बेटावरून मुंबईला किंवा युरोपला जाताना आपल्यापैकी पुष्कळांनी दुबईला विमान बदलले असेल. तेथून किनाऱ्याने ईशान्येकडे गेले की आधी शारजा लागते आणि पुढे हजर पर्वताच्या पायथ्याशी रास अल खैमा. आज तेथे संयुक्त अरब अमिरातींच्या उंच इमारती दिसतात. दोनशे वर्षांपूर्वी मात्र ईस्ट इंडिया कंपनीने या भागाला चाच्यांचा किनारा असे नाव देऊन ठेवले होते. त्याच किनाऱ्यावर ज्यांनी दीर्घकाळ राज्य केले, त्या शेख सुलतान बिन सक्र यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

शेख सुलतान हे कासिमी घराण्यातले. १८०३ साली वडिलांच्या मागे ते गादीवर आले. डोंगर आणि वाळवंट यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत खजुरीच्या बागा होत्या, समुद्रात मोती होते. पण कासिमींचे खरे धन म्हणजे त्यांची गलबते. ती मोसमी वाऱ्यांवर हिंदुस्थान आणि आफ्रिका येथपर्यंत व्यापाराला जात. इराणच्या बाजूला लिंगे बंदरातही त्यांचा अंमल होता. कंपनीला याच पाण्यात आपला व्यापार वाढवायचा होता. शिवाय कंपनीचा मित्र, मस्कतचा राज्यकर्ता, हा कासिमींचा जुना वैरी. त्यातून खटके उडाले. कंपनीची जहाजे पकडली गेली, माणसेही मारली गेली. १८०६ साली शेख सुलतान यांच्या वतीने कंपनीशी करार झाला, पण तो टिकला नाही.

१८०९ साल या तरुण शेखावर दोन संकटे घेऊन आले. अरबस्तानच्या अंतर्भागातून वाढत आलेल्या वहाबी सत्तेने त्यांना बोलावून दिरिया येथे अडकवून ठेवले. त्याच वर्षी मुंबईहून आलेल्या आरमाराने नोव्हेंबरमध्ये रास अल खैमा जाळले आणि बंदरातली गलबते भस्म केली. त्या आरमाराची मुख्य युद्धनौका शिफॉन ही मुळात फ्रेंचांची. इंग्रजांनी ती १८०१ साली आपल्या शेजारच्या सेशेल्समध्ये पकडली होती.

येथे आपल्या बेटाचा विचार मनात येतो. त्याच काळात पोर्ट लुईहून निघणारा सुरकूफ कंपनीची जहाजे पकडत होता. त्याच्याजवळ फ्रेंच सरकारचा परवाना होता, म्हणून तो फ्रान्समध्ये वीर ठरला. आपल्या पूर्वजांच्या कोकणात त्याआधी शंभर वर्षे कान्होजी आंग्रे दस्तक न घेणाऱ्या जहाजांना अडवीत. मराठ्यांचे ते सरखेल, पण कंपनीच्या दप्तरात ते चाचेच. काम सारखेच, नावे मात्र लिहिणाऱ्याच्या सोयीची.

शेख सुलतान पुढे दिरियाहून निसटले. मस्कतच्या ज्या घराण्याशी वैर, त्याचीच मदत घेऊन ते परतले. पण रास अल खैमा त्यांना लगेच मिळाले नाही. तेथे त्यांच्याच घराण्यातले हसन बिन रहमा कारभार पाहत होते. शेख सुलतान यांनी शारजात बस्तान बसवले आणि ते वाट पाहत राहिले.

१८१९ च्या नोव्हेंबरात कंपनीने मुंबईहून दुसरी मोहीम धाडली. सेनापती विल्यम ग्रँट कीर यांच्या हाताखाली सुमारे तीन हजार सैनिक होते. त्यांतले निम्म्याच्या आसपास हिंदी शिपाई. ज्या मुंबई बंदरातून पुढे आपले पूर्वज या बेटावर मजुरीला निघाले, त्याच बंदरातून हे शिपाई परक्यांचे युद्ध लढायला निघाले होते. ९ डिसेंबरला रास अल खैमा पडले. उत्तरेला धाया येथे एकट्या टेकडीवर किल्ला आहे, खाली खजुरीची बने आहेत. लोकांनी तेथे आसरा घेतला होता. इंग्रजांनी दोन अवजड तोफा चिखलातून व बनांतून ओढत नेल्या. त्यांचा मारा सुरू झाल्यावर २२ डिसेंबरला किल्ल्याने शरणागती पत्करली. आत लढणाऱ्यांबरोबर बायकामुलेही होती.

यानंतर किनाऱ्यावरचे किल्ले पाडले गेले, गलबते जाळली गेली. १८२० च्या आरंभी एकेका शेखाने तहावर सही केली. शेख सुलतान यांनीही केली. त्यांना भित्रा म्हणणे सोपे आहे. पण तोफांपुढे उभे राहण्याची शिक्षा धायाच्या टेकडीवर सर्वांनी पाहिली होती. शेख सुलतान यांनी लढाईऐवजी माणसे राखली. काही वर्षांतच रास अल खैमाही त्यांच्या ताब्यात परत आले.

१८३५ साली मोती काढण्याच्या हंगामापुरता समुद्रावर युद्धबंदीचा करार झाला. पाणबुडे निर्धास्त झाले, तर घरोघरी चूल पेटते, हे त्या वेळच्या शेखांना कळत होते. हा करार पुन:पुन्हा वाढवला गेला आणि १८५३ साली कायमच्या शांततेचा तह झाला. या सर्वांवर शेख सुलतान यांची सही आहे. याची किंमतही मोजावी लागली, कारण समुद्राची चावी इंग्रजांच्या हाती गेली आणि ती १९७१ पर्यंत तेथेच राहिली. १८६६ साली शेख सुलतान वृद्धापकाळी वारले.

त्यांच्याच वंशातले, १९७२ साली शारजाच्या गादीवर आलेले शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी पूर्वजांवरचा चाचेपणाचा आरोप तपासायला घेतला. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या दप्तरखान्यातले कंपनीचेच कागद अभ्यासले आणि १९८६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे सर्वच निष्कर्ष सर्व इतिहासकारांना मान्य नाहीत. पण शत्रूच्या कागदांतून आपली बाजू शोधण्याची ही चिकाटी आम्हां शिक्षकांना फार मोलाची वाटते.

आपल्या पूर्वजांचीही नोंद या बेटावर मालकांनी आणि सरकारी कारकुनांनीच केली. नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, आणि संपले. ते कोण होते, हे त्या नोंदीत मावत नाही. मुलांना शाळेत एखाद्या समाजाचे नाव शिकवताना, ते नाव कोणी ठेवले, एवढा एक प्रश्न आपण त्यांना विचारायला शिकवू या.