वसईचा रक्तसाक्षी : संत गोन्सालो गार्सिया



प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात कोकरा पाचवा शिक्का फोडतो, तेव्हा संत योहानाला वेदीखाली देवाच्या वचनासाठी वधल्या गेलेल्यांचे आत्मे दिसतात. आमच्या रक्ताचा न्याय कधी होणार, असा त्यांचा आक्रोश आहे. उत्तरादाखल त्यांना शुभ्र वस्त्र मिळते आणि आणखी थोडा वेळ विसावा घेण्यास सांगितले जाते. कारण त्यांच्याप्रमाणेच मारल्या जाणाऱ्या बंधूंची संख्या अद्याप पूर्ण झालेली नाही. हा उतारा वाचून काही जण युगान्ताची तारीख शोधू लागतात. आम्हांस मात्र तेथे वसईच्या एका सुपुत्राची आठवण होते. येथे चिखलीत समुद्र कोणी रोज पाहत नाही आणि वसईही शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही हा संत आपल्याच मातीतला आहे.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, आई भारतीय. वसईच्या किल्ल्यात त्या काळी येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. तेथे त्यांचे शिक्षण झाले. पुढे फादर सेबास्तियाव गोन्साल्विस यांच्यासमवेत ते किशोरवयातच जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की लोक त्यांचे बोलणे आवडीने ऐकत. सुमारे आठ वर्षे त्यांनी येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. आपल्या माणसांनीच दार न उघडणे हे दुःख हलके नसते, असे आम्हांस वाटते. गोन्सालो संघ सोडून व्यापारात पडले आणि त्यात त्यांना यशही लाभले. तथापि धनात त्यांचे मन रमले नाही. फिलिपाईन्समधील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून स्वीकारले. ते धर्मगुरू कधीच झाले नाहीत.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना दूत म्हणून धाडले. दुभाषी म्हणून सोबत गेले ब्रदर गोन्सालो. हिदेयोशीने १५८७ सालीच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. तरी या मंडळींना त्याने राहू दिले. क्योटो येथे त्यांनी मठ उभारला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले. दरबारात ज्याची वाणी चाले, तोच माणूस रुग्णांच्या सेवेत झिजू लागला.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. मिशनरी हे स्पेनच्या सैन्याची आघाडी आहेत असा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला आणि डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांच्या घरावर पहारा बसला. जहाज कोणाचे, माल कोणाचा आणि प्राण कोणाचे गेले! जगाचा न्याय पुष्कळदा असाच असतो.

जानेवारी १५९७ च्या आरंभी क्योटोत चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरची वाटचाल. त्या वाटेवर बंदिवानांची सेवा करीत चालणारे दोन ख्रिस्ती जपानी पुरुषही पकडले गेले आणि चोवीसांचे सव्वीस झाले. प्रकटीकरणातील ती अपूर्ण संख्या आम्हांस येथे आठवल्यावाचून राहत नाही. सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक जपानी होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसांवर जखडण्यात आले. येशूसंघाचे पॉल मिकी यांनी क्रूसावरूनच प्रवचन केले व मारेकऱ्यांना क्षमा केली. मग प्रत्येकाच्या कुशीत भाले खुपसण्यात आले. गोन्सालो त्या वेळी चाळिशीच्या घरात होते.

पुढच्याच वर्षी हिदेयोशी वारला आणि १६१५ साली ओसाकाच्या लढाईत त्याच्या घराण्याचा अंत झाला. काही लेखक याला देवाने घेतलेला सूड म्हणतात. आम्ही तसे म्हणण्यास धजत नाही. रक्तसाक्षींनी मरतेसमयी सूड मागितला नव्हता. शिवाय हिदेयोशीचे घराणे संपले म्हणून छळ संपला नाही. १६१४ साली नव्या राजवटीने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि नंतरच्या दशकांत असंख्य भाविक मारले गेले.

ख्रिस्तसभेनेही घाई केली नाही. १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी या सव्वीसांना ‘धन्य’ घोषित केले. संतपद मिळण्यास ८ जून १८६२ चा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी पोप नववे पायस यांनी रोममध्ये तो सोहळा केला आणि वसईचे गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. शुभ्र वस्त्र जगाला दिसण्यास २६५ वर्षे लागली.

त्यानंतर जे घडले ते आम्हांस अधिक विलक्षण वाटते. फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीत ओउरा येथे या सव्वीस रक्तसाक्षींच्या नावे मंदिर बांधले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही शेतकरी तेथे आले. त्यांतील एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांना हलक्या आवाजात, आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे असे सांगून, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. दोनशेहून अधिक वर्षे, धर्मगुरूंवाचून, केवळ बाप्तिस्मा आणि प्रार्थना जपत ही कुटुंबे लपून श्रद्धा पाळत होती. न्याय झाला असे वाटावे, तोच शासनाने उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांना हद्दपार केले. त्यांतील शेकडो परत आले नाहीत. संख्या अजून पूर्ण व्हायची होती. १८७३ साली, गोन्सालोंच्या मृत्यूनंतर २७६ वर्षांनी, बंदीच्या पाट्या जपानमधून उतरविल्या गेल्या आणि उरलेले लोक घरी परतले.

निशिझाकावर १९६२ साली उभारलेल्या स्मारकात सव्वीस जणांच्या कांस्यमूर्ती ओळीने उभ्या आहेत. वसईजवळ गास येथे गोन्सालोंच्या नावाचे मंदिर आहे. ५ फेब्रुवारी हा रक्तसाक्षी संत अगाथा यांचा दिवस असल्याने उपासना वर्षात संत पॉल मिकी व सोबती यांचे स्मरण ६ फेब्रुवारीस होते. त्या ‘सोबत्यां’त आपले गोन्सालोही आहेत.