प्रवेश परीक्षेच्या जनकाची कबुली

दरवर्षी जून महिना उजाडला की प्रवेश परीक्षांचे निकाल लागतात आणि त्यासोबत एक जुना सूर पुन्हा आळवला जातो. आरक्षणामुळे गुणवत्ता मारली जाते, असा तो सूर आहे. हा सूर लावणाऱ्यांच्या डोक्यात एक सोपे समीकरण पक्के बसलेले असते. परीक्षेतील गुण म्हणजे गुणवत्ता आणि गुणवत्ता म्हणजे जन्माबरोबर मिळालेली बुद्धी. आपल्या वस्तीतला, पत्र्याच्या खोलीत बसून अभ्यास करणारा मुलगाही हे समीकरण नकळत खरे मानू लागतो आणि गुण कमी पडले की स्वतःलाच कमी समजतो. नुकसान होते ते इथे.

हे समीकरण शास्त्राच्या नावाखाली रुजवण्यात ज्यांचा हात होता, त्यांच्यात कार्ल कॅम्पबेल ब्रिगहॅम हे एक मोठे नाव आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाची जगप्रसिद्ध ‘सॅट’ परीक्षा त्याने घडवली. हा माणूस आपल्या बाजूचा कधीच नव्हता. तरीही त्याचे चरित्र चळवळीतील प्रत्येक विद्यार्थ्याने आणि पालकाने समजून घेतले पाहिजे.

ब्रिगहॅमचा जन्म 1890 साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्लबरो गावी झाला. घराणे न्यू इंग्लंडमध्ये पिढ्यान्पिढ्या स्थिरावलेल्या गोऱ्या प्रोटेस्टंटांचे. प्रिन्स्टन विद्यापीठातून 1912 मध्ये तो पदवीधर झाला आणि 1916 मध्ये तेथेच मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्या काळी प्रिन्स्टनच्या महाविद्यालयाचे दरवाजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होते. म्हणजे बुद्धीची मोजणी शिकणारा हा तरुण अशा संस्थेत शिकत होता, जिथे प्रवेश कुणाला द्यायचा हे कातडीच्या रंगावरून आधीच ठरलेले होते.

नेमक्या त्याच वर्षांत, 1913 ते 1916, तेथून सुमारे 80 किलोमीटरवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. 9 मे 1916 रोजी त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातीसंस्थेवर आपला निबंध वाचला. जातीचे मूळ वंशात वा रंगात न शोधता त्यांनी ते पोटजातीतल्या पोटजातीत लग्न लावण्याच्या सामाजिक बंधनात दाखवून दिले. माणसामाणसातील उच्चनीचता समाज घडवतो, हे बाबासाहेब वयाच्या पंचविशीत शास्त्रीय पद्धतीने मांडत होते. ब्रिगहॅमला तिथवर पोहोचायला आणखी चौदा वर्षे लागली.

1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सैन्यातील 17 लाखांहून अधिक जवानांची बुद्धिचाचणी घेण्यात आली. लिहितावाचता येणाऱ्यांसाठी ‘आल्फा’ आणि न येणाऱ्यांसाठी ‘बीटा’ अशा दोन चाचण्या होत्या. त्यातले प्रश्न पाहण्यासारखे आहेत. बेसबॉलचा अमुक खेळाडू कोण? क्रिस्को नावाची वस्तू औषध आहे की खाण्याचा पदार्थ? चित्रातील टेनिसच्या मैदानात काय राहिले आहे? ज्याने आयुष्यात टेनिसचे मैदान पाहिले नाही, त्याने जाळी काढायची राहिली हे ओळखायचे कसे? इटलीच्या खेड्यातून आलेला मजूर किंवा मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात राबणारा कृष्णवर्णीय जवान या प्रश्नांवर अडला, तर तो जन्मतः मंद ठरवला जाणार होता.

या चाचण्यांच्या आकड्यांवर ब्रिगहॅमने 1923 मध्ये एक पुस्तक लिहिले. युरोपातील माणसांचे त्याने नॉर्डिक, अल्पाइन आणि भूमध्य असे तीन वंश पाडले. नॉर्डिकांना त्याने सर्वांत वर बसवले आणि कृष्णवर्णीयांना सर्वांत खाली. वंशांच्या मिश्रणाने अमेरिकेची बुद्धी घसरत चालली आहे, असा इशाराही त्याने दिला. आपल्याकडे जे काम मनुस्मृतीने धर्माच्या नावाने केले, ते इथे आकडे आणि तक्ते मांडून शास्त्राच्या नावाने केले गेले.

त्याच्या हातातील आकडे मात्र वेगळेच सांगत होते. अमेरिकेत वीस वर्षे राहिलेल्या स्थलांतरितांचे गुण तिथल्या गोऱ्यांच्या बरोबरीने भरत होते आणि नुकत्याच आलेल्यांचे कमी. भाषा आणि रीतिरिवाज अंगवळणी पडले की गुण वाढतात, हा सरळ अर्थ कुणाच्याही लक्षात यावा. ब्रिगहॅमने तो बाजूला सारला. आधी आलेले लोक चांगल्या वंशाचे होते आणि नंतर आलेले हलक्या वंशाचे, असा अर्थ त्याने काढला. निष्कर्ष आधी ठरला की पुरावा असा वाकवला जातो. 1924 मध्ये अमेरिकेने दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांच्या येण्यावर कडक मर्यादा घातली आणि आशियातील लोकांना जवळजवळ पूर्ण बंदी केली. त्या कायद्याच्या प्रचाराला अशा पुस्तकांनी शास्त्राचा मुलामा दिला.

या पुस्तकाला उत्तर देणाऱ्यांमध्ये होरेस मान बाँड हा कृष्णवर्णीय तरुण होता. त्याची आजी गुलामगिरीत जन्मली होती. वयाची विशीही न ओलांडलेल्या या तरुणाने 1924 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या ‘क्रायसिस’ मासिकात लेख लिहिला. सैन्याचेच आकडे त्याने समोर ठेवले. इलिनॉय, न्यूयॉर्क, ओहायो या उत्तरेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय जवानांचे गुण मिसिसिपी, आर्कान्सासारख्या दक्षिणेकडील राज्यांतील गोऱ्यांपेक्षा जास्त होते. गुण जर वंशावर ठरत असतील, तर हे कसे घडले? ज्या राज्यात शाळांवर अधिक खर्च, त्या राज्यातील माणसाचे गुण अधिक, हे बाँडने उघड केले. ज्या ड्यू बॉइस यांच्या मासिकात हा लेख आला, त्यांच्याशीच पुढे 1946 मध्ये बाबासाहेबांनी पत्रव्यवहार केला, हे वाचकांना माहीत असेलच.

इकडे ब्रिगहॅमची प्रतिष्ठा वाढत होती. ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने महाविद्यालयीन प्रवेशासाठी नवी चाचणी तयार करण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. सैन्याच्या चाचणीच्या साच्यातून ‘स्कॉलॅस्टिक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट’ उभी राहिली. 23 जून 1926 रोजी 8,040 उमेदवारांनी ती पहिल्यांदा दिली. 97 मिनिटांत 315 प्रश्न होते. आज जगभर लाखो मुले ज्या पद्धतीच्या परीक्षेसाठी रात्रीचा दिवस करतात, तिच्या घडणीतली ही एक महत्त्वाची पायरी.

आणि मग ब्रिगहॅमच्या आयुष्यातील ती घटना घडली. आपल्याच आकड्यांची त्याने पुन्हा तपासणी केली. वेगवेगळ्या चाचण्यांचे गुण एकत्र करून त्याला बुद्धी म्हणणे चुकीचे आहे, हे त्याला कळून चुकले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजीच्या चाचणीवर मोजणे निरर्थक आहे, हेही कळले. 1930 मध्ये एका नामांकित नियतकालिकात त्याने लेख लिहून उपलब्ध चाचण्यांवरून वंशावंशांची तुलना करता येत नाही असे जाहीर केले आणि स्वतःच्या 1923 च्या अभ्यासाला आधार नसल्याचे मान्य केले. दोन वर्षांनी पुढचे पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘अ स्टडी ऑफ एरर’, म्हणजे चुकीचा अभ्यास. आपल्या देशात किती पंडितांनी आपल्याच ग्रंथाविषयी अशी कबुली दिली आहे?

पण कबुली देईपर्यंत कायदा होऊन सहा वर्षे उलटली होती आणि परीक्षा रुजली होती. हार्वर्डने 1930 च्या दशकात शिष्यवृत्तीसाठी ती वापरायला सुरुवात केली. सर्व चाचण्या एकाच बलाढ्य संस्थेच्या हाती देण्याचा बेत निघाला तेव्हा ब्रिगहॅमने विरोध केला. चाचणी विकणारी संस्था तिच्यातील दोष शोधणार नाही, ही त्याची भीती होती. 24 जानेवारी 1943 रोजी तो वारला. 1947 च्या अखेरीस ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था स्थापन झालीच.

ही चाचणी शिकवणी लावून सुधारता येत नाही, असे अनेक वर्षे सांगितले गेले. ब्रुकलिनमधील स्थलांतरित ज्यू कुटुंबातील स्टॅन्ली कॅप्लन याने 1946 पासून सॅटची शिकवणी घेऊन हा दावा मोडीत काढला. शिकवणीने गुण वाढतात, तर मग जन्मजात ते काय उरले? 1990 च्या दशकात परीक्षेच्या नावातून ‘अ‍ॅप्टिट्यूड’ हा शब्दही काढून टाकण्यात आला.

मग अशी परीक्षा रद्दच करावी काय? इथे भावनेच्या भरात बोलून चालणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2021 नंतर प्रवेशासाठी सॅटचे गुण पाहणे पूर्ण बंद केले. उलट एमआयटीने 2022 मध्ये आणि डार्टमाउथने 2024 मध्ये ती पुन्हा सक्तीची करण्याचे जाहीर केले. गरीब घरातील हुशार मुले परीक्षेशिवाय ओळखता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. या म्हणण्यात तथ्य आहे. 1920 च्या दशकात हार्वर्डसारख्या संस्थांनी ज्यू मुलांना रोखण्यासाठी स्वभाव आणि व्यक्तिमत्त्व पाहायला सुरुवात केली होती. मुलाखतीत आडनाव विचारून गुण देणारे आपल्याला नवीन नाहीत. लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर निदान आडनाव नसते. म्हणून परीक्षा हे हत्यार आपण टाकून देता कामा नये. तिने लावलेला अर्थ मात्र नाकारला पाहिजे.

आपल्या देशातही हाच वाद आहे. 2016 पासून वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ देशभर लागू झाली. ग्रामीण, गरीब आणि तमिळ माध्यमातील मुले त्यामुळे मागे पडली, असे तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने 2021 मध्ये मांडले. 20 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नीटच्या अखिल भारतीय कोट्यातील इतर मागासवर्गीयांचे 27 टक्के आरक्षण कायम ठेवताना स्पष्ट केले की स्पर्धा परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे. काही वर्गांना मिळालेले सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक लाभ त्या गुणांत दिसत नाहीत, हेही न्यायालयाने सांगितले. बाँडने 1924 मध्ये आणि ब्रिगहॅमने 1930 मध्ये जे ओळखले, ते आपल्या न्यायालयाच्या निकालपत्रात आले.

तेव्हा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. परीक्षेला घाबरू नये. ती शिकता येते, तिची तयारी करता येते आणि ती वर्षानुवर्षे पैसेवाल्यांनी विकत घेतलेली कला आहे. आपल्या वस्तीतील विहारात, अभ्यासिकेत, ग्रंथालयात ती फुकट शिकवण्याची जबाबदारी शिकून नोकरीला लागलेल्यांची आहे. दुसरे असे की, निकालपत्रावरील आकडा तुम्हाला काय मिळाले आणि काय नाकारले गेले याची नोंद आहे, तुमच्या जन्माची नाही. उद्या कुणी गुणवत्तेचा टेंभा मिरवत समोर आला, तर त्याला कार्ल ब्रिगहॅमचे चरित्र वाचायला सांगा.