रानड्यांचा आडवा प्रश्न
न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (जन्म १८४२, निफाड) सगळ्यांना समाजसुधारक म्हणून माहीत. मला आवडतात ते अर्थशास्त्रवाले रानडे. रिकार्डोने १८१७ साली हिशेब मांडला होता, इंग्लंडने कापड विणावं, पोर्तुगालने वाइन करावी, अदलाबदलीत दोघांचाही फायदा. हिशेब चोखच. पण १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या भाषणात रानडे आडवे आले. हिंदुस्थानने फक्त कच्चा माल पिकवायचा, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. वऱ्हाडचा कापूस बाहेर, विलायती कापड आत. मधली कमाई नि कसब तिकडेच! सोयाबीन विकून तेलाचा डबा आणणाऱ्या आमच्या शिरूर अनंतपाळच्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागणार नाही. सरकारने उद्योगांना हात द्यावा, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी १८९० मध्येच त्यांनी पुण्यात औद्योगिक परिषद भरवली होती. १९०१ मध्ये ते गेले. साकचीला टाटांचं पोलाद निघालं १९१२ मध्ये.