वाळीत टाकलेल्यांचा सोबती : फादर डेमियन

सेवा दुरूनही करता येते. औषधे पाठविता येतात, निधी उभारता येतो. मात्र समाजाने ज्यांना जिवंतपणीच मृत ठरविले, त्यांच्यात जाऊन राहणे आणि त्यांचेच प्राक्तन स्वतःचे म्हणून स्वीकारणे फार थोड्यांना साधते. हवाई बेटांवरील कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वेचणारे फादर डेमियन हे अशा मोजक्या व्यक्तींपैकी एक होत.

त्यांचे मूळ नाव योसेफ द व्हूस्टर. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील धान्याचे व्यापारी होते आणि मुलाने व्यापार सांभाळावा, अशी त्यांची इच्छा होती. योसेफ यांनी मात्र थोरल्या भावाच्या पावलावर पाऊल टाकून १८५९ मध्ये लूव्हेन येथील धर्मसंघात प्रवेश केला आणि डेमियन हे नाव धारण केले. हवाईला खरे तर थोरले बंधू जाणार होते. ते आजारी पडल्याने त्यांच्या जागी डेमियन यांनी स्वतःला पुढे केले. मार्च १८६४ मध्ये ते होनोलुलूला पोहोचले आणि त्याच वर्षी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

त्या काळी हवाईमध्ये कुष्ठरोगाने थैमान घातले होते. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी तेथील मूळ रहिवाशांची संख्या झपाट्याने घटत होती. १८६५ मध्ये राजे पाचवे कामेहामेहा यांच्या कारकिर्दीत रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा झाला. पुढील वर्षापासून रुग्णांना मोलोकाई बेटावरील कालावाओ येथे नेऊन सोडले जाऊ लागले. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला सुमारे दोन हजार फुटांचे सरळसोट कडे असलेला तो भूभाग म्हणजे निसर्गनिर्मित तुरुंगच होता. रुग्ण शेती करून पोट भरतील, ही सरकारची अपेक्षा फोल ठरली. बोटे झडलेल्या हातांनी नांगर धरणार कोण? पुरेसे अन्न, औषध वा निवारा नसलेल्या त्या वसाहतीत बळी तो कान पिळी हाच न्याय होता.

बिशपांनी धर्मगुरूंना आळीपाळीने तेथे पाठविण्याचे ठरविले. स्वेच्छेने पुढे आलेल्या डेमियन यांनी १० मे १८७३ रोजी मोलोकाईच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले आणि लवकरच तेथेच कायम राहण्याची परवानगी मागितली. सुरुवातीच्या रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. आरोग्य मंडळाने काही काळ त्यांनाही वसाहतीबाहेर पडण्यास मनाई केली होती.

पुढील सोळा वर्षे हे धर्मगुरू सुतार, गवंडी, परिचारक आणि कबर खोदणारे अशा सर्व भूमिका बजावत राहिले. १८७४ च्या वादळात झोपड्या उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी सरकारकडून लाकूड मिळवून पक्की घरे उभारली. नळाने पाणी आणले, अनाथ मुलांसाठी निवास उभारला, मृतांसाठी शवपेट्या तयार केल्या. जिथे प्रेते कशीबशी पुरली जात, तिथे अंत्ययात्रा वाद्यांच्या साथीने निघू लागली. मरणाला लाभलेल्या या प्रतिष्ठेने जगण्यालाही प्रतिष्ठा आली. डेमियन रुग्णांच्या जखमा बांधत, त्यांच्याबरोबर एकाच भांड्यातून जेवत. प्रवचनात तर ते स्वतःची गणना रुग्णांमध्येच करीत.

डिसेंबर १८८४ मध्ये ते शब्दशः खरे ठरले. उकळत्या पाण्याने पाय पोळला, मात्र वेदना जाणवली नाही. कुष्ठरोगाची ती खूण त्यांनी ओळखली. त्यानंतर त्यांच्या कामाचा वेग उलट वाढला. अखेरच्या काळात अमेरिकेतून आलेले जोसेफ डटन, तसेच १८८८ मध्ये मोलोकाईला आलेल्या मदर मरियान कोप व त्यांच्या सहकारी भगिनी यांनी कामाची धुरा उचलली. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, डेमियन यांचे निधन झाले. ज्या झाडाने पहिल्या रात्री आसरा दिला, त्याच्याच सावलीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

डेमियन निर्दोष नव्हते. स्वभाव हट्टी आणि तापट असल्याने आरोग्य मंडळ व वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत. मृत्यूनंतर होनोलुलूतील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक चार्ल्स हाइड यांनी एका पत्रात त्यांच्या चारित्र्यावरच शिंतोडे उडविले. विख्यात लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्वतः प्रोटेस्टंट परंपरेतले होते. डेमियन यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही आठवड्यांत त्यांनी ती वसाहत पाहिली होती. १८९० मध्ये खुले पत्र लिहून त्यांनी हाइड यांना चोख उत्तर दिले. डेमियन यांच्या उणिवा न लपवता, सुरक्षित घरात बसून टीका करणाऱ्यांना तिथे जाण्याचे धैर्य का झाले नाही, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला.

१८७३ मध्ये डेमियन मोलोकाईला गेले, त्याच वर्षी नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाच्या जंतूचा शोध लावला. मात्र प्रभावी औषध त्या वसाहतीत पोहोचण्यास १९४६ साल उजाडले आणि सक्तीचे विलगीकरण संपले ते १९६९ मध्ये. तोवर सुमारे आठ हजार लोकांना तेथे धाडण्यात आले होते.

११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी डेमियन यांना संतपद बहाल केले. त्यांच्या नावाने बेल्जियममध्ये स्थापन झालेली संस्था भारतातही कुष्ठरोग व क्षयरोगाविरुद्ध काम करते. आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. बरा झालेल्या माणसाला घरात, गावात आणि कामावर पुन्हा सामावून घेण्याचे औषध मात्र कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. ते समाजालाच द्यावे लागते, हाच मोलोकाईच्या या संताच्या जीवनाचा संदेश आहे.