दाबाला दृश्य रूप देणारा यंत्रज्ञ : यूजीन बूर्दाँ

इ. स. १८७० मध्ये मुंबईहून आणि अलाहाबादकडून आलेले लोहमार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले आणि मुंबई व कोलकाता ही शहरे रेल्वेने जोडली गेली. या मार्गावर वाफेची इंजिने धावत. बाष्पकातील वाफेचा दाब कमी पडला तर गाडी अडे. तो मर्यादेबाहेर वाढला तर बाष्पक फुटून प्राणहानी होई. डोळ्यांना न दिसणारा हा दाब काट्याच्या साहाय्याने तबकडीवर दाखविण्याची सुलभ युक्ती यूजीन बूर्दाँ यांनी जगाला दिली.

बूर्दाँ यांचा जन्म १८०८ साली पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील रेशमाचे व्यापारी होते. मुलानेही व्यापारच करावा, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु बूर्दाँ यांचे मन यंत्रांतच रमे. १८३२ साली त्यांनी स्वतःची कर्मशाळा काढली व तेथे वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती तयार केल्या.

त्या काळी दाब मोजण्यासाठी पारा भरलेली काचेची नळी वापरीत. वातावरणाच्या आठपट दाब मोजावयाचा, तर पाऱ्याचा स्तंभ सुमारे ६ मीटर उंच लागे. धावत्या इंजिनावर अशी नळी टिकणे अशक्यच होते.

या अडचणीवरचा उपाय एका बिघाडातून सापडला. कर्मशाळेत धातूची एक नळी वेटोळ्यासारखी वळविताना चपटी झाली. तिला पुन्हा गोलाई यावी म्हणून तिच्यात दाबाने पाणी भरले, तेव्हा वेटोळे उलगडू लागले. बूर्दाँ यांनी ही गोष्ट अचूक हेरली. त्यांनी वक्र, चपट्या नळीचे एक टोक पक्के बसवून त्यातून वाफ आत सोडली. दुसरे टोक बंद, पण मोकळे ठेवले. दाब वाढला की हे टोक सरके आणि त्याला जोडलेला काटा फिरे. १८४९ साली त्यांनी या दाबमापकाचे एकस्व घेतले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात त्यांना पदक मिळाले.

१८७२ साली कारखाना मुलाच्या हाती सोपविल्यावरही त्यांचे प्रयोग थांबले नाहीत. नळीच्या अरुंद भागात प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो. या तत्त्वावर ते वाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण सिद्ध करीत होते. १८८४ साली त्याची चाचणी घेत असता ते उंचावरून पडले आणि वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वाफेच्या इंजिनांचे युग सरले. परंतु रुग्णालयातील ऑक्सिजनच्या टाकीवर तबकडीचा काटा हलतो, तेव्हा त्यामागे बहुधा बूर्दाँ यांची वक्र नळीच काम करीत असते.