विषारी वायूंचा हिशेबनीस : जॉन स्कॉट हॉल्डेन

कर्जतहून पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल अशा मार्गाने खंडाळ्याचा चढ चढणारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्यानंतर सहा-साडेसहा दशके बोरघाटाच्या बोगद्यांतून वाफेची इंजिने धावत होती. धुराने कोंदलेल्या त्या बोगद्यांत इंजिनचालक व कोळसेवाले यांच्या श्वासावाटे कोणते वायू किती प्रमाणात शरीरात जात होते, हे डोळ्यांना वा नाकाला कळण्यासारखे नव्हते. हाच प्रश्न लंडनच्या भुयारी रेल्वेपुढे उभा राहिला, तेव्हा १८९७ साली तेथील हवेचे पृथक्करण जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी केले. भारताचे नागरिकत्व स्वीकारून १९६४ साली भुवनेश्वर येथे निधन पावलेले जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे पुत्र. आपल्याकडे पुत्राचे नाव अधिक परिचित असले, तरी खालापूर तालुक्यातील कारखान्यांत राबणाऱ्या कामगाराच्या जीविताशी पित्याचे कार्य अधिक निगडित आहे.

हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरो येथे झाला. वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी दवाखाना थाटला नाही. डंडी शहरात गरिबांची घरे, शाळा आणि गटारे येथील हवेचे नमुने ते गोळा करू लागले. पुढे ऑक्सफर्ड ही त्यांची कर्मभूमी झाली. हवा वाईट आहे एवढे म्हणून भागत नाही. तीत कोणता वायू किती आहे आणि त्यातील किती रक्तात उतरतो हे सांगता आले पाहिजे, ही त्यांच्या संशोधनाची दिशा होती.

कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, गंधही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. त्यामुळे हवेत अत्यल्प प्रमाणात असूनही तो घातक ठरतो. हॉल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगला आणि आपल्या रक्ताच्या बदलत्या रंगावरून त्याचे प्रमाण ठरविले. हे प्रयोग १८९५ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी वेल्समधील टायलर्सटाऊनच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मृत्युमुखी पडले. हॉल्डेन यांनी मृतदेहांची तपासणी केली, तेव्हा बहुतेकांचा बळी स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, तर मागाहून पसरलेल्या या वायूने घेतल्याचे दिसून आले. खाणीत धोक्याची सूचना मिळावी म्हणून लहान प्राणी व पक्षी नेण्याची प्रथा त्यांच्याच शिफारशीतून रूढ झाली.

१८९५ साली लंडनजवळ ईस्ट हॅम येथे एक कामगार सांडपाण्याच्या विहिरीत उतरून बेशुद्ध पडला. त्याला वाचविण्यासाठी एकामागून एक चौघे उतरले. पाचही जण दगावले. मारेकरी होता हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास प्रथम जाणवतो; परंतु दहा लाख भाग हवेत शंभर भागांच्या आसपास प्रमाण गेले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे मानणारा नेमका तेव्हाच फसतो.

वायू द्रवात किती विरघळतो, हा हॉल्डेन यांच्या अभ्यासाचा दुसरा धागा. दाब वाढेल त्या प्रमाणात द्रवात अधिक वायू विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडला होता. खोल पाण्यात पाणबुड्याच्या रक्तात व ऊतींत याच नियमाने नायट्रोजन साठतो, आणि तो घाईने वर आला की त्याचे बुडबुडे होतात. शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. त्यांनी असंख्य पाणबुड्यांचे प्राण वाचविले.

एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन सोडला गेला, तेव्हा तपासासाठी हॉल्डेन यांना फ्रान्सला पाठविण्यात आले. विद्राव्यतेचे महत्त्व येथेही दिसते. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो. म्हणून तो डोळे व नाक यांनाच झोंबून माणसाला पळायला लावतो. फॉस्जीन कमी विरघळतो. म्हणून फारशी सूचना न देता फुप्फुसात खोल शिरतो आणि काही तासांनी घात करतो. वायुबाधितांना प्राणवायू देण्याच्या उपचारास हॉल्डेन यांनी शास्त्रीय बैठक दिली. मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

खोपोली, रसायनी आणि पाताळगंगेच्या काठचा औद्योगिक पट्टा यांना हे चरित्र परके नाही. बंदिस्त टाकीत उतरण्यापूर्वी हवा तपासून तसा दाखला घ्यावा, अन्यथा श्वसनसाधन व दोर वापरावा, अशी अट १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३६ व्या कलमाने घातली. सुरक्षासाधनांविना माणसाला गटारात वा मैलाटाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. तरीही एकाला काढावयास दुसरा आणि दुसऱ्याला काढावयास तिसरा उतरल्याच्या बातम्या देशात थांबलेल्या नाहीत. वायुमापक आज मुठीत मावतो. तो घेण्याचा खर्च मालकाच्या वहीत दिसतो. न घेतल्याचा खर्च मात्र कामगाराच्या घरच्यांना जन्मभर फेडावा लागतो आणि तो कोणत्याच वहीत चढत नाही. हॉल्डेन यांनी हवेचा हिशेब मांडून ठेवला आहे. टाकीचे झाकण उघडताच तो तपासणे, एवढेच आपल्याकडे उरले आहे.